मनाची गोळी आणि हृदयाची काळजी

(संस्थेच्या आरोग्य व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बी.ए. झालेला, बँकेत कारकुनी करणारा माणूस आहे. सचिवांनी भाषणासाठी विचारले तेव्हा मी बचत गट किंवा शैक्षणिक कर्ज यावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय सांगितल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "हे चारचौघांत बोलायचं आहे का?" त्यांच्या प्रश्नात माझ्याविषयीची काळजी होती. पण त्या प्रश्नामुळेच माझा निश्चय पक्का झाला. ज्या आजाराबद्दल आपण चारचौघांत बोलत नाही, त्या आजाराची औषधेही आपण लपून घेतो, आणि लपून घेतलेल्या औषधाचा हिशोब कोणीच ठेवत नाही.

२००८ साली माझे वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्यांचे वय ५४ होते. दुसऱ्या वर्षी माझी बदली दूरच्या शाखेत झाली. तिथे माझी झोप गेली, भूक गेली. नोटा मोजताना आकडा मध्येच विसरायचा. दुपारच्या सुट्टीत मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन जुन्या लेजरच्या ढिगाआड रडत बसायचो. का रडतो ते मलाच कळत नव्हते. घरात आत्याने देवऋषीचे नाव काढले. आई म्हणाली, "आपण ते सगळं सोडलंय, आता परत नको." शेवटी पत्नीने मला सरकारी दवाखान्यातील मानसोपचार विभागात नेले. डॉक्टरांनी सांगितले की हे नैराश्य आहे, आजार आहे, आणि त्यावर औषध आहे. त्यांनी अमिट्रिप्टिलिन नावाची गोळी लिहून दिली. सुरुवात २५ मिलिग्रॅमने झाली, पुढे रात्रीची ७५ मिलिग्रॅम झाली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका सकाळी मला चहाची चव लागली. ती सकाळ मी विसरलेलो नाही.

या गोळीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण विद्यार्थ्यांना तो माहीत असावा. १९५६ हे साल आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगन येथील रुग्णालयात रोलंड कुन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ एक नवे रसायन रुग्णांना देऊन पाहत होते. ते मुळात वेगळ्या मानसिक आजारासाठी, स्किझोफ्रेनियासाठी तपासले गेले होते आणि तिथे त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता. पण खोल नैराश्यात बुडालेले रुग्ण त्याने सुधारू लागले. १९५७ मध्ये कुन यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. ते औषध म्हणजे इमिप्रामिन. पाठोपाठ १९६१ मध्ये अमेरिकेत अमिट्रिप्टिलिनला मान्यता मिळाली. या औषधांच्या रेणूत तीन कडी जोडलेली असतात, म्हणून त्यांना ट्रायसायक्लिक, म्हणजे त्रिचक्री औषधे म्हणतात. आपल्याकडे डॉक्टर डोथिएपिन आणि नॉरट्रिप्टिलिन ही नावेही लिहितात. तीही याच कुळातली.

मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही द्रव्ये सोडतात आणि काम झाल्यावर परत ओढून घेतात. ही परत ओढण्याची क्रिया या गोळ्या रोखतात. पण या गोळ्या एकाच ठिकाणी थांबत नाहीत. त्या शरीरात इतरही दारे ठोठावतात. म्हणून तोंड कोरडे पडते, शौचास घट्ट होते, वजन वाढते, सकाळी गुंगी राहते, वयस्कर माणसाला लघवीला त्रास होतो. अंथरुणातून एकदम उठले तर रक्तदाब खाली जाऊन चक्कर येते. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडण्यामागे कधी कधी अशी एखादी गोळीही असते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. हृदयाला या गोळ्यांचा धोका आहे का?

आहे. तो कसा आहे ते समजून घेऊ या. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक लहानशी लाट असते. पेशींमध्ये सोडियमचे कण शिरतात आणि ही लाट पुढे सरकते. त्रिचक्री औषधे सोडियमची ही वाट काही प्रमाणात अडवतात, त्यामुळे लाट सावकाश जाते. शिवाय नाडीचा वेग थोडा वाढतो. ज्याचे हृदय धडधाकट आहे आणि गोळीची मात्रा योग्य आहे, त्याला बहुधा काही जाणवत नाही. पण ज्याच्या हृदयातील विजेच्या मार्गात आधीच अडथळा आहे, ज्याला नुकताच झटका येऊन गेला आहे, त्याच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणूनच नुकत्याच झटका आलेल्या रुग्णाला ही औषधे देत नाहीत.

ही सावधगिरी वाढायला एक वेगळाच अभ्यास कारण झाला. झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे अनियमित ठोके बंद केले तर ते जास्त जगतील, अशी पूर्वी समजूत होती. सोडियमची वाट अडवणारी दोन हृदयाची औषधे अमेरिकेत अशा रुग्णांना देऊन पाहिली. १९८९ मध्ये दिसून आले की, औषध घेणारे रुग्ण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त मेले. तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आले की मनासाठीच्या जुन्या गोळ्याही अशीच वाट अडवतात, मग हृदयरोग्याला त्या देताना दहा वेळा विचार केला पाहिजे.

मात्र हा धोका मोजता येतो. ईसीजीच्या कागदावर विजेची लाट जायला किती वेळ लागला ते दिसते. लाट रुंदावली का, ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो का, हे डॉक्टर त्या पट्टीवरून वाचतात. हा तपास पाच मिनिटांत होतो आणि दुखत नाही. माझ्या बाबतीत नेमके हेच राहून गेले होते, आणि त्यात चूक माझी होती.

पहिल्या आजारातून बरा झाल्यावर मी गोळी बंद केली होती. २०१२ मध्ये आजार उलटला. तेव्हा नवीन प्रकारची गोळी देऊन पाहिली, पण माझे पोट बिघडले, झोपही येईना. म्हणून पुन्हा जुनीच गोळी सुरू झाली. दोनदा आजार झाल्यामुळे ती दीर्घकाळ घ्यावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आणि दर काही महिन्यांनी दाखवायला बोलावले. मी दोन-तीन वर्षे गेलो. नंतर जाणे बंद केले. दवाखान्याच्या त्या विभागाबाहेरच्या बाकावर ओळखीचा कोणी बघेल याची लाज वाटायची. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणत राहिलो. दुसऱ्यांच्या पासबुकात वेळेवर नोंदी करणाऱ्या माणसाने स्वतःच्या शरीराच्या खात्यात वर्षानुवर्षे एकही नोंद केली नाही.

२०२२ मध्ये एका मासिकाच्या आरोग्याच्या पानावर मी वाचले की, नैराश्यावरील जुन्या गोळ्यांनी हृदयविकाराचा धोका ३५ टक्क्यांनी वाढतो. वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्याच रात्री मी गोळ्यांची पट्टी कपाटाच्या वरच्या कप्प्यात फेकली. पत्नीलाही सांगितले नाही.

चार दिवसांत मळमळ सुरू झाली, घाम येऊ लागला, झोप उडाली. मला वाटले, विष उतरते आहे. खरे तर इतकी वर्षे घेतलेली गोळी एकदम तोडल्याचे ते परिणाम होते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात आजार परत आला. एके दिवशी संध्याकाळी कॅश जुळेना. तीनदा मोजूनही रक्कम कमी भरत होती. शेवटी शिपायाने माझ्याच टेबलाच्या कडेला पडलेले बंडल उचलून दिले. सगळे हसले. मी घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजलो आणि दुसऱ्या दिवशी उठलोच नाही. पत्नीने कपाट उघडले, पट्टी पाहिली आणि एवढेच म्हणाली, "अहो, मला तरी विचारायचं होतंत."

डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "ईसीजी कधी काढला होता?" मी म्हणालो, "कधीच नाही." त्यांनी दुसरा प्रश्न केला, "तंबाखू?" मी मान खाली घातली. तपासण्या झाल्या. ईसीजी चांगला निघाला. रक्तदाब मात्र वाढलेला होता, आणि त्याचा मला पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही धोक्याच्या भीतीने गोळी सोडलीत आणि तंबाखू चालू ठेवलीत. हिशोब उलटा झाला."

त्या ३५ टक्क्यांचा अर्थही मला तेव्हाच कळला. हा आकडा स्कॉटलंडमधील १४,७८४ प्रौढांच्या पाहणीतून आला आहे. तिच्यामागे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे संशोधक होते आणि ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्रिचक्री औषधे घेणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार सुमारे ३५ टक्के जास्त आढळले. नव्या प्रकारच्या, म्हणजे एसएसआरआय गटाच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तशी वाढ आढळली नाही. पाहणी खरी आहे, तिला नाकारण्याचे कारण नाही. पण "३५ टक्क्यांनी वाढ" म्हणजे "शंभरातील ३५ जणांना आजार" नव्हे. आम्हा बँकवाल्यांना हे कळायला हवे होते. व्याजाचा दर ८ टक्के असेल आणि तो ३५ टक्क्यांनी वाढला, तर तो ४३ होत नाही, १०.८ होतो. तसेच ज्याचा मूळ धोका कमी, त्याची वाढही कमी. ज्याचा मूळ धोका वय, रक्तदाब, साखर, तंबाखू यांमुळे आधीच मोठा, त्याची वाढ मोठी. शिवाय ही पाहणी होती, प्रयोग नव्हता. जुन्या गोळ्या घेणारी माणसे इतर कारणांनीही अधिक आजारी असू शकतात. संशोधकांनी बरीच कारणे हिशोबात धरली होती, पण अशा पाहणीत प्रत्येक कारण वजा करता येत नाही.

या खात्याची दुसरी बाजूही आहे. नैराश्य स्वतःच हृदयाला घातक आहे. कॅनडातील माँट्रियल येथे झटका आलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नैराश्य होते, त्यांच्यातील पहिल्या सहा महिन्यांतले मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी अधिक होते. नैराश्यात माणूस चालत नाही, नीट जेवत नाही, रक्तदाबाची गोळी विसरतो, तंबाखू-दारू वाढवतो. म्हणजे गोळी सोडली की धोका शून्य होतो, हा माझा समज साफ चुकीचा होता. मी एका बाजूचा धोका काढून दुसऱ्या बाजूला त्याहून मोठा मांडला होता.

मग नवीन गोळ्या सर्वांनीच घ्याव्यात का? पुष्कळदा डॉक्टर आज सुरुवात त्यांच्यानेच करतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झटका किंवा हृदयाची तीव्र कळ येऊन गेलेल्या ३६९ नैराश्यग्रस्तांवर सर्ट्रालिनचा प्रयोग झाला, आणि हृदयाच्या दृष्टीने ते सुरक्षित आढळले. इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेने २००९ च्या मार्गदर्शनात डोथिएपिन, ज्याला तिकडे डोसुलेपिन म्हणतात, ते नव्याने सुरू करू नये असे सांगितले. पण नवे म्हणजे निर्धोक असेही नाही. सिटालोप्राम हे नवीन गटातले औषध, त्याचीही मोठी मात्रा हृदयाच्या लयीला बाधक ठरू शकते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये मात्रेवर मर्यादा घातली. दुसरीकडे अमिट्रिप्टिलिन आजही भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ते स्वस्त आहे, आणि काहींना त्यानेच गुण येतो.

त्या काहींपैकी मी एक. डॉक्टरांनी माझ्यापुढे दोन्ही मार्ग ठेवले. नवीन गोळीचा माझा जुना अनुभव, चांगला ईसीजी, वडिलांचा इतिहास हे सारे पाहून आम्ही ठरवले की जुनीच गोळी थोड्या मात्रेने पुन्हा सुरू करायची आणि ५० मिलिग्रॅमवर थांबायचे. वर्षाला एक ईसीजी, रक्तदाबाचे औषध नियमित, तंबाखू बंद. तंबाखू सुटायला गोळीपेक्षा जास्त कष्ट पडले. आज मी हे भाषण करतो आहे आणि आज रात्रीही ती गोळी घेणार आहे. काळजी पूर्ण गेली आहे का? नाही. पण आता त्या काळजीला दर वर्षी कागदावर उत्तर मिळते.

माझ्या एका निवृत्त सहकाऱ्याचा निर्णय मात्र वेगळा झाला, आणि तोही बरोबर होता. त्यांची बायपास झाली होती. मनाची गोळी चालू आहे हे त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना लाजेने सांगितले नव्हते, आणि बायपासचे मनाच्या डॉक्टरांना सांगितले नव्हते. चालताना चक्कर येऊ लागली तेव्हा मुलीने दोन्ही फायली एका पिशवीत घालून नेल्या. जुनी गोळी हळूहळू कमी करून बंद झाली, दुसरी सुरू झाली. गोळी एकच, पण माणूस वेगळा म्हणून निर्णय वेगळा. तो निर्णय दोन्ही फायली एकत्र पाहिल्यावरच घेता येतो.

आता आपल्या उपयोगाच्या काही गोष्टी सांगतो.

पहिली, आपल्या घरात ही गोळी आहे का ते पाहा. मधुमेहात पायांची आग होते, अर्धशिशी वारंवार उठते, तेव्हाही अमिट्रिप्टिलिन १० किंवा २५ मिलिग्रॅम अशा लहान मात्रेत देतात. पुष्कळ वृद्धांना आपण काय घेतो हे माहीतच नसते. लहान मात्रेचा धोका लहान असतो, म्हणून घाबरू नये, पण नाव माहीत असावे.

दुसरी, वय चाळिशीच्या पुढे असेल, किंवा हृदयाचा आजार, रक्तदाब, मधुमेह, घरात अचानक मृत्यूचा इतिहास असेल, तर "माझा ईसीजी काढायचा का?" हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

तिसरी, भोवळ येऊन शुद्ध हरपणे, छातीत धडधड, छातीत दुखणे, दम लागणे यांपैकी काही झाले तर ताबडतोब दवाखाना गाठा आणि गोळीचे नाव सांगा.

चौथी, कोणत्याही कारणासाठी डॉक्टरकडे गेलात तरी सर्व औषधे सांगा. काही प्रतिजैविके, बुरशीवरील औषधे, वेदनाशामके आणि नैराश्यावरील इतर गोळ्या यांची या गोळ्यांशी गाठ पडली तर परिणाम वाढतो. दारू तर नकोच.

पाचवी, ही औषधे ठरवून दिलेल्या मात्रेपेक्षा जास्त पोटात गेली तर हृदयाला अत्यंत घातक ठरतात. म्हणून ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. घरातील माणूस फार खचलेला असेल तर गोळ्या दुसऱ्या जबाबदार माणसाने सांभाळाव्यात आणि थोड्या-थोड्याच आणाव्यात. विद्यार्थ्यांनो, परीक्षेच्या दिवसांत झोप येत नाही म्हणून मित्राची गोळी कधीही घेऊ नका.

सहावी, आणि सर्वांत महत्त्वाची. भीती वाटली तर गोळी बंद करू नका, डॉक्टरांची भेट घ्या. बंद करायचीच असेल तर ती पायरीपायरीने, त्यांच्या देखरेखीखाली बंद होते. बोलायला कोणी नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तिथे मराठीत बोलता येते.

मित्रहो, संस्थेने या सभागृहात रक्तदाब आणि साखर तपासणीची शिबिरे घेतली, त्यांना गर्दी झाली. रांगेत उभे राहताना कोणाला लाज वाटली नाही. माझी संस्थेला विनंती आहे की पुढच्या शिबिरात ईसीजीची सोय करावी आणि एक मानसोपचाराचे डॉक्टरही बोलवावेत. त्यांच्या टेबलासमोर पहिल्या दिवशी कोणी थांबणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून त्या रांगेत पहिला मी उभा राहीन. माझ्या मागे दुसरा कोणी आला, तर आजचे बोलणे कामी आले असे मी समजेन.